शाखा आणि पाठशुद्धी

शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. कोणता पाठ कशासाठी वगळला, हे मात्र त्यांच्या समारोपाच्या ओव्यांत नाही. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

मुक्तस्रोत आज्ञावलींच्या भांडारात या प्रश्नाला 'गिट'ने उत्तर दिले आहे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेल्या या साधनात शाखा म्हणजे अखेरच्या नोंदीकडे बोट दाखविणारे केवळ एक नाव होय. प्रत्येक नोंद पूर्वनोंदीची खूण बाळगते. दोन फुटलेल्या शाखा जुळविल्या असता संगमाच्या नोंदीत दोन्ही पूर्वज उरतात. तथापि शाखेतील सर्व नोंदी दाबून मुख्य धारेत एकच नोंद करण्याचा प्रघात अनेक ठिकाणी पडला आहे. किरकोळ चुका झाकण्यापुरता तो क्षम्य होय. परंतु विचाराचे टप्पेही त्यात दडपले गेले आणि पुढे शाखा पुसली, तर बदलामागील कारण कालांतराने हाती लागत नाही. पोथीच्या संपादकाजवळ असे साधन नव्हते. आजच्या संपादकाजवळ ते आहे. म्हणूनच स्वच्छ पाठासाठी पाठाचा इतिहास गमावणे हा आता साधनाचा नव्हे, संपादकाचा दोष ठरतो.