गाळलेले पान

पूर्वग्रह कसा घालवावा हे शिकविणाऱ्या साहित्याचा सध्या सुकाळ आहे. शिक्षकांचे वा युवकांचे शिबिर घ्यावयाचे ठरले की प्रशिक्षकास ग्रंथालयाची पायरी चढावी लागत नाही. संगणक उघडला की खेळ, प्रश्नावल्या, चित्रफिती आणि तासांची तयार टाचणे हात जोडून उभी असतात. आम्हीही गेल्या काही वर्षांत आमच्या धर्मग्रामातील शिक्षकांसाठी अशी शिबिरे घेतली आणि त्या निमित्ताने हे साहित्य पुष्कळ वाचले. फुकट मिळते म्हणून ते घेतले जाते आणि उपयोगी पडले म्हणून पुढे दिले जाते; साहित्य म्हणून त्याची परीक्षा क्वचितच होते. ती येथे करावयाची आहे. तिच्या ओघात आम्हांस आमचीही एक चूक कबूल करावी लागणार आहे.

या साहित्याचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या संस्थेने १९९१ साली शिक्षकांसाठी ‘टीचिंग टॉलरन्स’ हा उपक्रम सुरू केला. २०२१ साली त्याचे नाव ‘लर्निंग फॉर जस्टिस’ असे झाले. सहिष्णुतेकडून न्यायाकडे झालेला हा नावाचा प्रवास अर्थपूर्ण आहे. कारण सहन करणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो. तथापि या व अशा अनेक स्रोतांतून जे आपल्याकडे उतरते ते बहुधा खेळांच्या रूपाने. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग जेन इलियट या शिक्षिकेचा. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ रोजी, आयोवा राज्यातील राइसव्हिल या गावी तिने तिसरीच्या वर्गातील मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली आणि एका गटास श्रेष्ठ, दुसऱ्यास कनिष्ठ ठरविले. काही तासांतच मुले त्याप्रमाणे वागू लागली.

आम्ही हा प्रयोग एका शिबिरात पाहिला. आपल्याकडे डोळे सर्वांचेच काळे. म्हणून आयोजकांनी निळ्या व पिवळ्या फिती वाटल्या. सकाळभर निळ्यांनी पिवळ्यांवर हुकूम गाजवला, थोडी रडारड झाली, पुष्कळ हशा झाला, आणि एक वाजता फिती सोडून मंडळी जेवावयास बसली. फीत सुटते; जात सुटत नाही. जो प्रयोग वर्णभेदाने पोळलेल्या समाजात एका शिक्षिकेच्या अस्वस्थतेतून जन्मला, तो येथे करमणुकीचा कार्यक्रम झाला. दोष जेन इलियट यांचा नव्हे. उसना घेणाऱ्यांचा आहे.

या साहित्यामागील एक गृहीत असे की पूर्वग्रह अपरिचयातून उपजतो. माणसे एकत्र आली, बोलली, की तो विरतो. गॉर्डन ऑलपोर्ट यांच्या १९५४ च्या ‘द नेचर ऑफ प्रेज्युडिस’ या ग्रंथाचा त्यासाठी आधार दिला जातो. परंतु ऑलपोर्ट यांनी अटी घातल्या होत्या: भेटणाऱ्यांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, परस्पर सहकार्य हवे, आणि वरिष्ठ सत्तेचा पाठिंबा हवा. टाचणांत भेट उरते, अटी गळतात.

आमच्या या किनाऱ्याने परिचयाची उणीव कधी जाणली नाही. कोर्लईच्या किल्ल्याखाली पोर्तुगीजोद्भव बोली घरात जपणारे ख्रिस्ती, मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी, अलिबागच्या पंचक्रोशीतील बेने इस्राएल, शिवाय कोळी, आगरी, महार, मुसलमान अशी सर्व मंडळी पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाऱ्यावर जगली. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांना शेजाऱ्यांनी ‘शनवार तेली’ हे नाव दिले; आणि त्या चिमुकल्या समाजानेही आपल्यात ‘गोरे’ व ‘काळे’ असा भेद केला. याच जिल्ह्यातील महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ साली सर्वांस खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तेथील पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल येण्यास १९३७ साल उजाडले. महाडात कोण कोणास ओळखत नव्हते? अज्ञान हे तेथील दुखणे नव्हते. कोणाचे पाणी चालते आणि कोणाचे चालत नाही, याचे ज्ञान तेथे अगदी चोख होते.

येथे भाषेचा प्रश्न येतो. अनुवादित टाचणांतील ‘विविधता’, ‘समावेशन’, ‘साचेबद्ध प्रतिमा’ हे शब्द धुवून इस्त्री केलेले आहेत. ते कोणासही बोचत नाहीत. विटाळ, शिवाशीव, बाटणे, पाणी चालणे हे आपले शब्द उच्चारताच खोलीतील हवा बदलते. जे साहित्य हे शब्द टाळते ते ऐकणाऱ्यास सुखरूप घरी पोहोचविते, आणि हाच त्याचा दोष होय.

याच महाजालावर एक लहानसे पुस्तक खुले आहे. डॉ. आंबेडकर यांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे इंग्रजी आत्मकथन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने काढले. पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील बाराव्या खंडात त्याचा समावेश झाला. आणि ज्या कोलंबिया विद्यापीठात लेखक शिकले तेथील प्रा. फ्रान्सिस प्रिचेट यांनी ते संकेतस्थळावर उपलब्ध करून दिले. त्यात सहा प्रकरणे आहेत. एकही खेळ नाही, एकही प्रश्नावली नाही. विशेषणे जवळजवळ नाहीत. काय घडले, किती वाजता, किती भाडे पडले, एवढेच सांगितले आहे. १९०१ साली नऊ वर्षांचा मुलगा भाऊ व भाच्यांसह मसूर स्थानकावर उतरतो. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडी मिळते, पण गाडीवान गाडीत बसत नाही. मुले गाडी हाकतात आणि तो बाजूने चालतो. डबा भरलेला आहे, परंतु पाणी कोणी देत नाही, म्हणून मुले उपाशी झोपतात. पूर्वग्रह म्हणजे काय, हे समजावयास आणखी कोणती व्याख्या हवी?

राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या सहावीच्या जुन्या पाठ्यपुस्तकाने हाच प्रसंग घेतला होता, आणि वर्षानुवर्षे मुलांनी तो वाचला. प्रशिक्षकही बहुधा तोच निवडतात. लहान मुलाविषयी कोणासही कणव येते. गाडीवान अनामिक असतो, दूरचा असतो. आम्हीही आमच्या पहिल्या शिबिरात तोच प्रसंग वाटला. त्याबरोबर दुसऱ्या प्रकरणाच्याही प्रती काढल्या होत्या, पण त्यातले एक पान आम्ही गाळले. वेळ कमी आहे, असे कारण आम्ही स्वतःस दिले होते.

त्या पानावर काय आहे? परदेशी शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होतात. राहावयास जागा नाही, म्हणून पारशी नाव धारण करून एका पारशी धर्मशाळेत उतरतात. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास फर्मावितात. ते एका हिंदू मित्राकडे जातात. तो आपल्या नोकरांची अडचण सांगतो. मग ते एका ख्रिस्ती मित्राकडे जातात. तो म्हणतो, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. हे जोडपे मूळचे ब्राह्मण कुळातले. पती धर्मांतरानंतर उदार झाला होता, पत्नी जुन्या आचारांतच राहिली होती, असे लेखकास मागाहून कळते. ते कमाठी बागेत बसून राहतात आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परततात.

या पुस्तकास एक मर्यादाही आहे. त्यातील स्त्रिया बहुतेक मुक्या आहेत. या ख्रिस्ती पत्नीने नकार दिला असता असे लेखक मानतो; पण तिला कोणी विचारलेच नाही. नकार तिच्या नावावर टाकून तो उदार गृहस्थ मोकळा झाला नसेल कशावरून? हा प्रश्न मात्र पुस्तकाचे मोल कमी करीत नाही. तो वाचणाऱ्या प्रत्येक सज्जनाच्या दाराशी येऊन उभा राहतो.

दुसऱ्या शिबिरात आम्ही ते पान वाटले. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका ज्येष्ठ शिक्षिकेने विचारले, “फादर, स्थळ पाहताना आपल्यात ‘मूळचे कोण’ असं हळूच विचारतात, ते यातच मोडतं का?” आम्ही म्हणालो, “मोडते, बाई.” पहिल्या वर्षी निळ्या-पिवळ्या फिती घेऊन बसलो असतो तर हा प्रश्न आमच्या सभागृहात आला नसता. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून ख्रिस्तसभेतील जातिभेदाची कबुली दिलीच आहे. ती कबुली दिल्लीहून आली. या प्रश्नाने ती आमच्या बाकांवर आणून ठेवली.

खरे तर हा धडा आम्हांस नवा वाटावयास नको होता. प्रभू येशूने चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगितला, तेव्हा जखमी माणसास ओलांडून जाणारे दोघे परके नव्हते. त्यांतील पहिला याजक होता, आमच्याच पेशाचा. ते पान प्रभूने गाळले नाही.

म्हणून प्रशिक्षकांस आमची विनंती इतकीच की साहित्य निवडताना ते किती रंजक आहे वा किती सोपे आहे हे पाहू नये. त्यात आपला स्वतःचा समाज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे की नाही, हे पाहावे. नसेल तर तो धडा दुसऱ्यांसाठी आहे. आणि दुसऱ्यांसाठी आपल्याजवळ धडे नेहमीच पुष्कळ असतात. पुढील शिबिरात आम्ही आरंभ बडोद्याच्या त्या घरापासूनच करणार आहोत.