दोनदा सावधान

बोहल्यावरून पळालेला नवरदेव म्हटला की मराठी माणसाला एकच आठवतो. भटजींनी ‘सावधान’ म्हणावे आणि नारायणाने खरोखरच सावध होऊन मंडपातून नाहीसे व्हावे, ही समर्थांची आख्यायिका आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. ‘आय लव्ह यू, अ‍ॅलिस बी. टोक्लस’ हा १९६८ चा हॉलिवुडचा विनोदी चित्रपट पाहताना ती सारखी आठवते. कारण त्याचा नायक एकदा नव्हे, दोनदा पळतो.

हॅरॉल्ड फाइन हा लॉस एंजेलिसमधला ज्यू वकील. दम्याने बेजार, आईच्या धाकातला आणि आपल्याच सेक्रेटरीशी, जॉइसशी, लग्न ठरवून बसलेला. धाकटी पाती मात्र व्हेनिसच्या समुद्रकाठी हिप्पी झालेली! हे व्हेनिस इटलीतले नव्हे. अ‍ॅबट किनी या धनिकाने १९०५ मध्ये कालवे खणून ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वसवले. पुढे बरेच कालवे बुजले, वैभव ओसरले, भाडी उतरली आणि कवी-चित्रकारांनी तेथे बिऱ्हाडे थाटली.

भावाची मैत्रीण नॅन्सी हिच्या हातचा गांजा घातलेला केक खाऊन वकीलसाहेब पालटतात. पीटर सेलर्सची खरी करामत इथे दिसते. केस वाढतात, माळा येतात, पण आतला चिडखोर वकील काही जात नाही. घरात फुकट्यांचा तळ पडला की तो कुरकुरतो. नॅन्सी आपली एकट्याची असावी असेही त्याला वाटू लागते.

चित्रपटाचा खरा प्रश्न इथे होता. भटजी नको, कागद नको, नातलग नकोत. मग दोघांनी एकमेकांना बांधून घ्यायचे ते कशाने? समुद्रकाठच्या त्या जगात लग्न कसे दिसले असते, हे लेखकद्वय माझुर्स्की आणि टकर दाखवीत नाही. नायक मुकाट जॉइसकडे परततो आणि पुन्हा पळतो. समर्थ पळाले ते कशासाठी, हे त्यांच्या पुढच्या आयुष्याने सांगितले. फाइनला मात्र कुठे जायचे तेच ठाऊक नाही, आणि ते कबूल करण्यात चित्रपटाचा प्रामाणिकपणा आहे.

पण दोनदा नटूनथटून उभी राहिलेली जॉइस? तिच्याकडे चित्रपट वळूनही पाहत नाही. समर्थांच्या बोहल्यावरच्या त्या मुलीचे पुढे काय झाले, असे मी लहानपणी विचारी, तेव्हा आजीही गोष्ट घाईने पुढे नेत असे.