दोन सेकंदांची शांतता

गाण्यातलं मला काही कळतं असा माझा दावा नाही. दावा न करता गेली पन्नास वर्षं मी पुढच्या रांगेत बसून मान हलवतो आहे आणि ती बहुतेक वेळा समेवरच हलते, इतपतच आमची तयारी. पण कापाकापीतलं मला कळतं. लहानपणी आमच्या घरी एका कलिंगडाच्या अकरा फोडी व्हायच्या आणि प्रत्येकाला आपलीच फोड लहान वाटायची. तेव्हापासून कुठल्याही अखंड वस्तूला कुणी सुरी लावली की मी सावध होतो. आज ज्या सुरीविषयी लिहायचं आहे ती डोळ्यांना दिसत नाही आणि ती आमच्या चिरंजीवांच्या हातात होती.

साल २००३. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. सीडी लिहायचं यंत्र त्यांनी कॉम्प्युटरला नुकतंच बसवून घेतलं होतं. (पैसे माझे, यंत्र त्यांचं, अशी भागीदारी.) नवं यंत्र घरात आलं की त्याला खायला काहीतरी लागतं. मिक्सर आला तेव्हा आम्ही महिनाभर पातळ पदार्थच खात होतो. यंत्राची पहिली भूक सोसायटीच्या नवरात्राने भागवली.

गरब्यासाठी एक नॉनस्टॉप कॅसेट होती. नॉनस्टॉप म्हणजे एकदा ढोल सुरू झाला की पाऊण तास थांबत नाही. त्याच्या पाठीवर गाणी येतात आणि जातात, चालत्या बसमध्ये माणसं चढावी-उतरावी तशी. आता महिला मंडळाला त्यातली काही गाणी दोनदा हवी होती आणि काही मुळीच नको होती. कॅसेटवर ते जमेना. चिरंजीव म्हणाले, "त्यात काय! सीडी करू. चौदा गाणी, चौदा ट्रॅक. नंबर दाबला की गाणं हजर." रात्रभर जागून त्यांनी चौदा तुकडे पाडले.

अष्टमीला पहिलं गाणं रंगात आलं, संपलं, आणि ढोल थांबला. दोन सेकंद. दोन सेकंद म्हणजे किती हे घड्याळात पाहून कळत नाही. साठ माणसं टिपऱ्या वर करून उभी राहिली की कळतं. आमचे सेक्रेटरी "लाइट गेले! लाइट गेले!" म्हणून लख्ख उजेडात मीटरकडे धावले. ते मीटरपाशी पोचायच्या आत ढोल पुन्हा सुरू झाला, पण तो कुणाच्याच मात्रेवर नव्हता. खजिनदारांची टिपरी समोरच्या वहिनींच्या बोटांवर बसली. चौदा गाण्यांमध्ये फटी तेरा. सेक्रेटरी तेरा वेळा मीटरकडे गेले नाहीत हे खरं, पण चार वेळा गेले.

रात्री मी चिरंजिवांना समोर बसवून जबानी घेतली. त्यातून जे ज्ञान मिळालं ते असं. सीडीवर मुळात तुकडे नसतातच. आतून बाहेर जाणारी एकच एक नागमोडी रेघ असते, उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब. तबकडीच्या सुरुवातीला नुसती एक यादी असते: अमुक नंबर इतक्या मिनिटांवर, इतक्या सेकंदांवर आणि वर सेकंदाच्या पंचाहत्तराव्या हिश्शाइतक्या बारकाईने. असे नंबर जास्तीत जास्त नव्याण्णव. म्हणजे ट्रॅक ही निव्वळ खूण आहे. पोथीत मोरपीस ठेवलं म्हणून अध्याय तुटत नाही, तसं.

"मग आपल्या पोथीची पानं का सुटली?" मी विचारलं.

तर लिहिण्याच्या रीती दोन. एकीत यंत्र प्रत्येक ट्रॅक लिहून थांबतं, दम खातं आणि मध्ये दोन सेकंद कोरी सोडतं. दुसरीत अख्खी तबकडी एका दमात लिहितं. खुणा सगळ्या होतात, फट एकही पडत नाही.

"मग दुसरी का नाही वापरलीस?"

"सेटिंग बदलायचं राहिलं, बाबा."

जगातल्या निम्म्या दुर्घटनांचं कारण हे असंच असतं, त्यामुळे मी फार ताणलं नाही. तरी दोन शब्द सुनावलेच. त्यावर चिरंजीव म्हणाले, "मग तुमच्यासाठी प्रिन्ससारखं करू." प्रिन्स हा अमेरिकन गायक. त्याने १९८८ साली 'लव्हसेक्सी' नावाचा अल्बम काढला आणि सीडीवर त्यातली नऊच्या नऊ गाणी एकाच ट्रॅकमध्ये घातली. आवडतं गाणं गाठायचं तर आधीची मुकाट ऐका. हा बाणेदारपणा मला पटला. पंगतीत श्रीखंड आधी मागणाऱ्याला आमची आजी असंच वागवायची.

पण खुणेवर सरसकट राग धरण्यात अर्थ नाही. एक तान दहादा ऐकायची असेल तर खुणेसारखा मित्र नाही. कॅसेटच्या काळात आम्ही तिच्या भोकात पेन्सिल घालून ती मागे फिरवायचो, आणि तान सापडेपर्यंत पेन्सिलीचं टोक आणि तान ऐकायची इच्छा दोन्ही मोडायची. माझी तक्रार खुणेच्या जागेबद्दल आहे. सतारीच्या सीडीवर आलाप, जोड, झाला असे तीन ट्रॅक असतात. परिणामी आमचे एक स्नेही आलाप आणि जोड ओलांडून थेट झाल्यावर जातात. म्हणजे त्यांचं ऐकणं सुरू व्हायच्या आतच झालेलं असतं!

गंमत अशी की कात्री आपल्या गाण्याच्या मागे पहिल्यापासून लागली आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानबाई ध्वनिमुद्रणाला बसल्या, तेव्हा तीन मिनिटांच्या आत गाणं आटपून शेवटी इंग्रजीत स्वतःचं नावही सांगायचं होतं, कारण तबकड्या छापायच्या परदेशात. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तशाच तीन-साडेतीन मिनिटांत झिंझोटी अशी ठेवली की ती तोकडी आहे असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. पुढे एलपी आली आणि बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. अमीर खाँसाहेबांच्या एलपीवर एका बाजूला मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा सूर्यास्ताचा, दरबारी मध्यरात्रीचा. मारवा संपला की उठायचं, तबकडी उलटायची, मऊ फडक्याने पुसायची, सुई ठेवायची. तेवढ्यात मन अंधाराला सरावायचं. तेच दोन राग सीडीवर ओळीने लावले की सूर्यास्तापासून मध्यरात्र दोन सेकंदांत येते. पृथ्वीलासुद्धा इतकी घाई नसते.

१९८२ साली जपानात सीडी विक्रीला आली ती चौऱ्याहत्तर मिनिटं घेऊन. उलटायची नाही, पालटायची नाही, सव्वा तास सलग ऐका. तीन मिनिटांच्या कात्रीत सापडलेल्या गाण्याला ऐंशी वर्षांनी मोकळं रान मिळालं, आणि नेमकी तेव्हाच आम्ही कात्री स्वतःच्या हातात घेतली.

हे सगळं मी तावातावाने बोललो खरा, पण गरब्यानंतर महिन्याभरात मीच एक कॅसेट त्या यंत्राच्या तोंडी दिली.

१९७९ची कोजागिरी. सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर शेजारचे मास्तर गायले होते. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी गायचे. कुवेतहून कुणीतरी आणलेल्या टेपरेकॉर्डरवर साठ मिनिटांची कॅसेट भरली. सुरुवातीला तंबोरे लागताहेत, मग बागेश्रीतला विलंबित एकताल, त्यालाच जोडून द्रुत, उलट्या बाजूला दोन पदं आणि भैरवी. मध्येमध्ये दुधाच्या पेल्यांचे आवाज आहेत, "जरा सरकून घ्या" आहे, एक खोकला आहे.

आणि विलंबित संपून द्रुत सुरू होतानाच्या समेवर एक "वा!" आहे. तो आमच्या अण्णांचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, दाद देणाऱ्यांपैकी नव्हते. मॅट्रिकला मला गणितात एक्क्याऐंशी मार्क पडले, तेव्हा त्यांनी उरलेल्या एकोणिसांची चौकशी केली होती. अशा माणसाच्या तोंडून निघालेला एक "वा!" त्या कॅसेटवर आहे. अण्णा १९८१ साली गेले. त्यांच्या आवाजाचं आमच्याकडे एवढंच शिल्लक आहे.

चिरंजीवांनी सीडी करून आणली. आम्ही ऐकायला बसलो. तंबोरे नव्हतेच, "ते नुसतं ट्यूनिंग होतं, काढून टाकलं." बागेश्री सुरू झाली, रंगली, सम आली आणि अण्णा म्हणाले, "व". मग दोन सेकंद शांतता. मग अण्णा म्हणाले, "आ!"

सौ. हसली. मी पण हसलो. जन्मात एकदा दिलेली दाद, तीसुद्धा हप्त्याने! मग मला पुढचं द्रुत काही नीट ऐकू आलं नाही.

"काय झालं, बाबा? तिथे मध्येच कुणीतरी ओरडलंय, ते काढून टाकू का?"

"कुणीतरी नाही रे. ते तुझे आजोबा."

चिरंजीवांचा जन्म १९८३चा. त्यांनी आजोबा पाहिले ते भिंतीवर, आणि भिंतीवरचे आजोबा कधी बोललेले नव्हते. त्याने ती जागा पुन्हा लावली. व, आ. पुन्हा लावली. मग काही न बोलता यंत्रासमोर जाऊन बसला.

पुढचे चार दिवस जेवणं झाली की आम्ही दोघं खुणांच्या जागा ठरवत बसायचो. तंबोरे परत आले. पेले आले, खोकला आला. आणि मला एक गोष्ट उमगली की खूण करणं ही मोठी जोखमीची समीक्षा आहे. टीकाकार गाण्यावर चार रकाने लिहून सुटतो. इथे एका सेकंदाच्या पंचाहत्तराव्या हिश्शावर बोट ठेवून सांगावं लागतं, की हे इथे संपलं. "विलंबित कुठे संपलं?" हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. समेवर? समेनंतरच्या श्वासावर? की ऐकणाऱ्याने दाद दिली तिथे? मास्तर असते तर म्हणाले असते, संपलं कुठे, लय बदलली फक्त. बागेश्री तीच होती.

शेवटी खूण केली ती "वा!"च्या अगदी अलीकडे, आणि सबंध तबकडी एका दमात लिहिली. सलग ऐकलं तर तिथे काही आहे हे कुणाला कळत नाही. मात्र चार नंबर दाबला की आधी अण्णा "वा!" म्हणतात आणि मग मास्तर गायला लागतात. गाण्याच्या आधीच दाद मिळालेले जगातले हे एकमेव गवई असावेत.

आता आमचं सीडीचं यंत्र मोडीत गेलं आहे. चिरंजीवांनी सगळं माझ्या फोनवर भरून दिलं आहे, खुणांसकट आणि फटींशिवाय. सेटिंग यावेळी त्याने दोनदा पाहिलं.

बागेश्री मी रात्रीच ऐकतो; तेवढी शिस्त पाळतो. पण कधी बाजारातून भाजी चांगली मिळाली, एखादा लेख मनासारखा उतरला, तर वेळकाळ न बघता चार नंबर दाबतो. लगेच दाद मिळते. उरलेल्या एकोणिसांची चौकशी व्हायच्या आत मी फोन बंद करतो.