चित्रात सारख्याच दिसणाऱ्या शेपट्या

१८ फेब्रुवारी १९७२च्या ‘सायन्स’मधला एस. जे. सिंगर आणि गार्थ निकल्सन यांचा पेशीपटलावरचा लेख बहुतेकांना ठाऊक असतो तो एका चित्रापुरता: मेदाच्या दुपदरी थरात बुडालेले प्रथिनांचे ओबडधोबड गोळे. जीवशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ते सापडतं. मूळ लेख फारसा कुणी उघडत नाही. उघडावा, कारण त्यातली युक्तिवादाची रीत देखणी आहे.

लेखक सुरुवात करतात ती ऊष्मागतिकीपासून. मेदाचा, प्रथिनाचा कोणता भाग पाण्याला टाळेल, कोणता पाण्याकडे तोंड करील, एवढ्यावरून कोणती रचना टिकेल हे ते ठरवतात. प्रयोग साक्षीला मागाहून येतात. त्यांतला सर्वांत बोलका फ्राय आणि एडिडिन यांचा, १९७०चा. उंदराची आणि माणसाची पेशी एकजीव केली, तर दोघींची पृष्ठभागावरची प्रथिनं ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटांत एकमेकांत मिसळून गेली. थंडीत मिसळली नाहीत.

पटल असं प्रवाही असतं, हाच लेखाचा सिद्धान्त. ही वाहती अवस्था येते मेदरेणूंमधल्या मेदाम्लांच्या शेपट्यांमुळे. स्टिअरिक आम्ल १८ कार्बनांचं, ओलेइकही १८चंच. पण पहिलं ६९ अंशांच्या आसपास वितळतं, दुसरं १३–१४ला. ओलेइकमधल्या एका दुहेरी बंधाने शेपटीला बाक येतो, शेजारणीला ती घट्ट चिकटू शकत नाही. थिजलेलं तूप आणि पातळ तेल, तसा हा फरक. लेखाच्या चित्रात मात्र सगळ्या शेपट्या एकाच नागमोडी रेषेने काढल्या आहेत. मेद म्हणजे नुसतं नेपथ्य, नाटक प्रथिनांचं! माझी तक्रार आहे ती एवढीच.

लेखातला कर्करोगाचा भाग मला सर्वांत रंजक वाटतो, कारण तिथे लेखकांचा पाय घसरतो. जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांतलं कॉनकॅनॅव्हालिन ए हे प्रथिन कर्करूप पेशींचे गठ्ठे बांधतं. निरोगी पेशींचे तितके सहज नाही. या प्रथिनाला धरणाऱ्या जागा कर्करूप पेशीवर आधीपासूनच पुंजक्यांत असाव्यात, असा त्यांचा अंदाज. पण १९७३मध्ये पेशी आधी रसायनाने गोठवून पाहिल्या, तेव्हा दोन्हीकडे त्या जागा विखुरलेल्याच निघाल्या. पुंजके होत होते प्रथिन चिकटल्यानंतर, जागा सरकल्यामुळे. म्हणजे लेखकांचा प्रवाहीपणाचा सिद्धान्त खरा ठरला. त्यांनीच तो या एका ठिकाणी पुरता वापरला नव्हता. हे शोधणाऱ्यांत खुद्द निकल्सनही होते.

शेपट्यांकडे लक्ष वळायला आणखी काळ गेला. निरोगी ऊती बरीचशी मेदाम्लं रक्तातून घेतात. अनेक कर्कपेशी ती स्वतःच बनवू लागतात. त्यातून तयार होतं ते मुख्यतः १६ कार्बनांचं संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेलं, पामिटिक आम्ल. अशा शेपट्या पटलात वाढल्या की अनेक दुहेरी बंधांच्या शेपट्यांचा वाटा घटतो. ऑक्सिडीकरणाचा पहिला घाव बसतो तो या दुहेरी बंधांच्या शेपट्यांवरच, आणि केमोथेरपीची काही औषधं काही अंशी तशाच घावावर विसंबून असतात.