समजूत घालण्याची भाषा

रागावलेल्या माणसास शांत करणें ही कोणत्याहि भाषेची मोठी कसोटी होय. शहापूर-मुरबाडकडील तरुण मंडळी आज एस्.टी.च्या थांब्यावर किंवा आसनगांवच्या फलाटावर एकमेकांस ‘चिल मार’, ‘कूल डाऊन’ असें सहज म्हणतात. त्यावरून मराठी बुडाली म्हणून गळा काढण्याचें कारण नाहीं. ‘डोकें थंड ठेव’ ही उक्ति आपलीच. तेव्हां ‘कूल’ आणि ‘चिल’ यांतील गारव्याची कल्पना आपणांस परकी नव्हे. ‘होल्ड युअर हॉर्सेस’ म्हणतांना लगाम खेचल्याचा भास होतो, आणि एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकन ‘कीप युअर शर्ट ऑन’मध्यें तर सदरा उतरवून मारामारीस निघालेला गडी डोळ्यांपुढें उभा राहतो. अशा जिवंत शब्दांस नांवें ठेवणारा आम्हांस अरसिकच वाटेल.

प्रश्न आहे तो कोणीं कोणास म्हणावें हा. हे सारे प्रयोग बरोबरीच्यांचे. मित्राच्या तोंडीं जो खेळकरपणा, तोच वरच्या खुर्चीवरून खालीं आला कीं अपमान ठरतो. ब्रिटिश सरकारनें 1939 सालीं ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ (यांतील ‘काम’ म्हणजे शांत, आपलें काम नव्हे!) या मजकुराचीं सुमारें 24 लाख भित्तिपत्रकें छापलीं, पण तीं फारशीं लावलीं गेलींच नाहींत. त्यांच्या जोडीचीं जीं लावलीं, त्यांतील उपदेशाचा सूर पुष्कळांस खटकला. पुढें 2000 सालीं अ‍ॅनिक येथील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत एक प्रत सांपडली, आणि तें वाक्य चहाच्या पेल्यांवर जाऊन बसलें. बाँब पडण्याची भीति नसतां तें गोड लागलें, यांत नवल तें काय?

मराठींत या प्रकाराचा श्रेष्ठ नमुना म्हणजे मुक्ताबाईचे ताटीचे अभंग. लोकनिंदेनें दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून बसले, आणि त्यांची समजूत घातली ती धाकट्या बहिणीनें, अशी परंपरा सांगते. वयानें ती खालीं. म्हणून हुकूम करणें तिला शक्यच नाहीं. ती भावाचें दुःख खोटें ठरवीत नाहीं. संत कोणास म्हणावें हें सांगून त्याची योग्यता ती त्याच्याच पुढें ठेवते, आणि मागते काय, तर केवळ दार उघडण्याचें. रागाची आग आणि तिच्यावर पाणी ही प्रतिमा तीहि योजते. परंतु पाणी व्हावयाचें तें थोरानें, हें तिचें मागणें आहे. ‘कूल डाऊन’ म्हणणारा स्वतः कांहींच देत नाहीं. मुक्ताबाई भावास मोठेपण देते. हा भेद आम्हांस शब्दांच्या जातीपेक्षां महत्त्वाचा वाटतो.

देण्याची हीच रीत आपल्या घरांतहि आहे. भांडण तापलें कीं वडील माणूस म्हणतो, “आधीं घोटभर पाणी पी, मग बोल.” तांब्या पुढें येतो, आणि अर्धा राग तेथेंच उतरतो. परंतु शहापूर तालुक्यांतील तानशाचें पाणी 1892 सालापासून मुंबईस जातें, मागाहून भातसाचेंहि जाऊं लागलें. आणि उन्हाळ्यांत त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. रिकामा हंडा घेऊन तावातावानें बोलणाऱ्या बाईस एखादा साहेब ‘मावशी, रिलॅक्स’ म्हणाला, तर त्यांतील ‘मावशी’नेंहि तो शब्द सौम्य होत नाहीं. आणि ‘आधीं पाणी पी’ हें तर तेथें तिला कोणासच म्हणतां येणार नाहीं.