एक जखम टाळायला ४१६ वेळा क्रीम? एक पेपर वाचताना

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सांडोरच्या घरी आजीला खाटेवरून उठवताना मी तिचा हात मनगटाच्या वर धरला आणि माझ्या घड्याळाच्या पट्ट्याखाली तिची कातडी चक्क सरकली. रक्त फार नव्हतं, पण पातळ पापुद्रा बाजूला झाला होता. मी घाईघाईत त्यावर चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी ती काढताना पापुद्राही तिच्यासोबत निघाला. आजी म्हणाली, "अगं, रोज खोबरेल लावायचे तेव्हा असं कधी झालं नाही."

या जखमेला 'स्किन टेअर' म्हणतात. इंटरनॅशनल स्किन टेअर अ‍ॅडव्हायजरी पॅनेलच्या वर्गीकरणात पापुद्रा पूर्ण जागेवर बसवता आला तर प्रकार १, थोडा गेला असेल तर प्रकार २, सगळाच गेला तर प्रकार ३. म्हणजे प्रकार १ ची जखम मी माझ्या हाताने प्रकार ३ ची केली. वयाबरोबर वरचा आणि खालचा थर एकमेकांत घट्ट अडकवणाऱ्या वळ्या सपाट होत जातात, त्यामुळे थोडं घासलं तरी वरचा थर सुटतो. विज्ञान शिकलेल्या मला हे पुस्तकातून माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

आता आजीचं वाक्य. संशोधनाच्या भाषेत ते हायपोथिसिस आहे, पुरावा नाही. मग पुरावा शोधायला बसले आणि या विषयात वारंवार दिला जाणारा एक पेपर हाती आला: केरिलिन कार्व्हिल आणि सहकारी, इंटरनॅशनल वूंड जर्नल, २०१४. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या १४ वृद्धनिवासांत, एकूण ९८० खाटांवर केलेला प्रयोग. खाटांची संख्या आणि देखभालीची पातळी पाहून संस्थांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतली एक संस्था रँडम निवडली. निवडलेल्या ठिकाणी संमती दिलेल्या रहिवाशांच्या हातापायांना दिवसातून दोनदा बिनवासाचं, न्यूट्रल पीएचचं मॉइश्चरायझर लावलं. बाकीच्या ठिकाणी ठरलेलं असं काही नाही, जमेल तसं. निष्कर्ष: जखमा जवळपास ५० टक्क्यांनी कमी.

इथे थांबा. ॲबस्ट्रॅक्टमधली टक्केवारी वहीत उतरवण्याआधी कॅल्क्युलेटर काढा.

दर १००० खाट-दिवसांमागे क्रीमच्या गटात ५.७६ जखमा, दुसऱ्या गटात १०.५७. फरक ४.८१. म्हणजे घट साधारण ४५.५ टक्के. 'जवळपास ५०' हे खोटं नाही, पण वरच्या बाजूला सरकवलेलं आहे. आता दुसरा हिशोब करा, जो पेपर वाचताना बहुतेक जण करत नाहीत. १००० भागिले ४.८१, म्हणजे सुमारे २०८ खाट-दिवसांमागे एक जखम टळते. रोज दोनदा धरलं तर साधारण ४१६ वेळा क्रीम. एका माणसासाठी जवळजवळ सात महिने. ज्या घरात एक सून सगळं करते, तिथे '५० टक्के' आणि '४१६ वेळा' हे दोन आकडे अगदी वेगळे ऐकू येतात.

तिसरी गोष्ट, नमुना किती मोठा? घाईत वाचणारा म्हणेल ९८०. पण चिठ्ठी टाकली ती १४ संस्थांवर. आमच्याकडच्या भाषेत सांगते: सात वाड्यांना नवं खत दिलं आणि सात वाड्यांना नाही, तर केळी हजार असल्या तरी तुलना वाड्यांचीच होते, कारण एका वाडीतल्या सगळ्या केळींना एकाच विहिरीचं पाणी. एका संस्थेतल्या सगळ्यांना उठवणारे हातही तेच. शिवाय एकूण १३९६ जखमा ४२४ जणांना झाल्या, म्हणजे सरासरी माणशी तीनहून जास्त. या जखमा एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. अशा डेटावर कोणती पद्धत वापरली हे मेथड्समध्ये शोधायची सवय आत्तापासूनच लावा.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. तुलनेच्या गटात खोटं क्रीमही नव्हतं. म्हणजे फरक क्रीमचा, की रोज दोनदा कोणीतरी शांतपणे हातपाय हातात घेऊन पाहिल्याचा, हे या प्रयोगातून वेगळं करता येत नाही. गंमत म्हणजे ही त्रुटी उलटही जाऊ शकते: जास्त बघणाऱ्याला जास्त जखमा दिसतात, मग खरा फायदा नोंदीपेक्षा मोठाही असू शकेल. एखाद्या पेपरमध्ये बायस सापडला की लगेच 'निकाल फुगवलाय' म्हणू नका. आधी दिशा विचारा.

आणि आजीचं खोबरेल? त्यावरही एक प्रयोग आहे. फिलिपिन्समध्ये, २००४ साली, ३४ जणांवर खोबरेल आणि मिनरल ऑइलची तुलना झाली. कोरडेपणावर दोन्ही सारखेच उपयोगी ठरले. पण तिथे मोजला तो कोरडेपणा, फाटणं नाही. 'कातडी मऊ झाली' आणि 'कातडी फाटली नाही' यांच्यामध्ये एक पायरी आहे. ती गृहीत धरली की आपण पुराव्याऐवजी आजीचंच वाक्य पुन्हा म्हणतो, फक्त इंग्रजीत.

मग हा पेपर वाईट का? अजिबात नाही. वृद्धनिवासांत प्रत्यक्ष जखमा मोजायचं किचकट काम त्यांनी केलं, जोड्या लावल्या, चिठ्ठी टाकली. माझं म्हणणं एवढंच, की तो संस्थांमधल्या देखभालीबद्दल बोलतो. सांडोरमधलं घर, दमट हवा, लाकडी खाट आणि घाईतली नात त्यात नाहीत.

तरीही आम्ही आजीला दोन्ही वेळा लावतो, संध्याकाळी तिच्या हट्टामुळे खोबरेलच. पुरावा अपुरा असला तरी धोका जवळजवळ नाही, आणि निर्णय घ्यायला तेवढं पुरतं. उठवताना आता मनगट धरत नाही, पाठीमागून आणि कोपराखालून आधार देते. चिकटपट्टी घरातून हद्दपार, तिच्या जागी न चिकटणारी जाळी आणि वर सैल बँडेज. घड्याळ काढून ठेवते.

पुढच्या पेपरला तुम्ही एवढं करून बघा: टक्केवारी दिसली की मूळ दर शोधा, वजाबाकी करा, आणि चिठ्ठी नेमकी कशावर टाकली ते विचारा. दहा मिनिटं लागतात.