पेटीत काय मावतं आणि काय मावत नाही

संशोधनाची तयारी करताना आपण संख्याशास्त्र वाचतो, पद्धती वाचतो. पण 'आम्ही हे सॉफ्टवेअर सगळ्या केंद्रांना दिलं' असं सांगणारा पेपर आला की तो आयटीवाल्यांचा म्हणून बाजूला ठेवतो. आज अशाच एका पेपरबद्दल लिहितोय. तो तुम्ही नक्की वाचा, आणि थोडा संशय ठेवून वाचा.

हा पेपर २०१५ चा आहे, 'इन्डेप्थ डेटा रिपॉझिटरी'वरचा. पहिले लेखक दक्षिण आफ्रिकेतले कोबस हर्ब्स्ट. पण लेखकांच्या यादीत संजय जुवेकर हे नावही आहे. ते पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरच्या वढू ग्रामीण आरोग्य कार्यक्रमाचे. म्हणजे हे काम काही परदेशातून आयतं आलेलं नाही, आपल्या जिल्ह्याचा त्यात हात आहे.

आधी पार्श्वभूमी. वढू केंद्र २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांची नोंद ठेवतं. कार्यकर्ते ठरावीक काळाने घरोघर जातात आणि कोण जन्मलं, कोण वारलं, कोण गावात आलं, कोण गेलं हे लिहून घेतात. आफ्रिका आणि आशियातली अशी केंद्रं १९९८ मध्ये 'इन्डेप्थ' नावाच्या जाळ्यात एकत्र आली. अडचण अशी, की प्रत्येक केंद्राचा डेटाबेस वेगळा, रकान्यांची नावं वेगळी. वढूचा मृत्युदर घानातल्या केंद्राशेजारी ठेवायचा, तर आधी महिनोन्‌महिने डेटा साफ करत बसायचं.

यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे 'सेंटर-इन-अ-बॉक्स'. एक छोटा संगणक, त्यात सगळी सॉफ्टवेअर आधीच बसवलेली. पेंटाहो डेटा एका साच्यातून दुसऱ्यात ओततं, नेस्टारमध्ये डेटाचं वर्णन लिहायचं. मूळ डेटाबेस बदलायची गरज नाही, केंद्राने फक्त ठरलेल्या साच्यात एक प्रत तयार करायची. मेलेला माणूस नंतर गाव सोडून गेला, अशी अशक्य नोंद तपासणीत पकडली जाते. जुलै २०१३ मध्ये रिपॉझिटरी सगळ्यांसाठी खुली झाली.

यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी मोह आवरला. सगळा डेटा एकसारखा करायच्या फंदात न पडता जन्म, मृत्यू, स्थलांतर अशा मोजक्या घटनांपुरताच साचा ठेवला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा 'कॅबिग' प्रकल्प शेजारी ठेवून पाहा. २००४ मध्ये सुरू झाला, सगळ्या कर्करोग केंद्रांना जोडणारी साधनं बनवायला निघाला. २०११ मध्ये संस्थेच्याच समीक्षा गटाने कडक अहवाल दिला, की तंत्रज्ञान पुढे धावलं आणि संशोधकांची गरज मागे राहिली. इन्डेप्थवाले त्या खड्ड्यात पडले नाहीत.

मग आक्षेप कशाला?

पहिला आक्षेप व्याख्येचा. भोर-वेल्ह्याकडचं एक घर डोळ्यासमोर आणा. नवरा मुंबईत कामाला, गणपतीला आणि जत्रेला घरी येतो. बायको-मुलं, म्हातारे आईवडील गावात. हा माणूस गावचा रहिवासी धरायचा की स्थलांतरित? हे केंद्राच्या नियमावर ठरतं, आणि किती महिने बाहेर राहिलं की 'गेला' म्हणायचं, हा नियम सगळ्या केंद्रांत एक नाही. साच्यात मात्र दोन्हीकडे 'गाव सोडलं' अशीच नोंद दिसते. आता तो मुंबईत आजारी पडला आणि शेवटच्या दिवसांत गावी आणला, तर मृत्यू गावच्या खात्यात पडतो, आणि आजार लागला ती वर्षं मुंबईत गेलेली असतात. ही नुसती कल्पना नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या अगिनकोर्ट केंद्राच्या अभ्यासात बाहेर कामाला गेलेली माणसं मरणाच्या वेळी घरी परतताना दिसली आहेत. सॉफ्टवेअर अशक्य नोंद पकडतं. शक्य असलेली, पण वेगळ्या अर्थाची नोंद ते पकडू शकत नाही. साचा एक झाला म्हणजे अर्थ एक झाला, असं नव्हे.

दुसरा आक्षेप माणसांचा. पेटी येते, पण ती चालवणारा डेटा मॅनेजर पेटीतून येत नाही. प्रशिक्षण देता येतं, पण अनुदान संपल्यावर त्याचा पगार कोण देणार? तो सोडून गेला, तर रूपांतराचे नियम असे का लिहिले, हे कोणाला विचारायचं? दुरुस्ती आणि टिकवणूक हा तंत्रज्ञान वाटण्याचा खरा खर्च आहे. पण अशा प्रकल्पांचं यश बहुधा किती केंद्रांनी डेटा दिला आणि किती जणांनी डाउनलोड केला, यावरच मोजलं जातं.

म्हणून हा प्रयत्न फसला, असं मी अजिबात म्हणत नाही. उलट, डेटा कपाटात कुलूपबंद ठेवायची आपल्याकडची सवय पाहता हे धाडसाचं काम होतं. माझं म्हणणं एवढंच, की साधन वाटणं सोपं असतं, समज वाटायला वेळ लागतो. आणि तो वेळ कोणी बजेटमध्ये धरत नाही.

तेव्हा उद्या तुमच्या प्रपोजलमध्ये 'खुला डेटा वापरणार' असं वाक्य लिहाल, तेव्हा एक दिवस जास्त द्या. त्या केंद्राने 'रहिवासी' कोणाला म्हटलंय ते शोधा. दोन केंद्रांची तुलना करणार असाल, तर दोन्हींचे नियम शेजारी ठेवून एक पानभर तक्ता करा. भोरच्या कॉलेजात बसून हे होतं, त्याला सर्व्हर लागत नाही. गाइड विचारतील, 'दोन्हीकडचे आकडे एकाच अर्थाचे कशावरून?' तेव्हा तोच तक्ता पुढे करा.